गिअरबॉक्सच्या जिल्ह्यातली खेळणी

१,३६१ तुकडे, डब्यावर लालभडक फेरारी आणि कोपऱ्यात वयाचा आकडा: १८+. मार्च २०२५ मध्ये लेगो कंपनीने बाजारात आणलेला फॉर्म्युला वन गाडीचा हा संच. खरी शर्यतीची गाडी आठ पट लहान करून प्लास्टिकच्या तुकड्यांत बसवलेली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २३० डॉलर, म्हणजे वीस हजार रुपयांच्या आसपास. भंडारा जिल्ह्याच्या हिशेबात सांगायचे तर २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलमागे २,३६९ रुपये आहे. साधारण साडेआठ क्विंटल धान विकले की एक खेळण्यातली गाडी येते. पण मोबाइलवर तिचे चित्र तुमसरच्या पोराला जसे दिसते तसेच ते मुंबईच्या पोराला दिसते. वाढदिवस जवळ आला की हट्ट सुरू होतो, आणि पगारदार घरातही आई-बाप एकमेकांकडे पाहू लागतात.

हा हट्ट हसून उडवून लावण्यासारखा नाही आणि हप्ते बांधून पुरवण्यासारखाही नाही. आधी त्या डब्यात नेमके काय आहे ते पाहायला हवे. मुलाच्या मेंदूला आणि हाताला उपयोगी पडेल असे काहीतरी त्यात खरोखर आहे. फक्त त्याची किंमत वीस हजार नाही.

लेगोचे साधे ठोकळे घर-दार-भिंती रचण्यासाठी असतात. १९७७ पासून कंपनीने दातेरी चाके, दांडे, आस असलेले वेगळे संच काढायला सुरुवात केली. शर्यतीच्या गाड्यांचे मोठे संच याच प्रकारातले. फेरारीच्या संचात सहा सिलिंडरचे इंजिन आहे. गाडी ढकलली की त्यातले दट्टे वर-खाली होतात. दोन गतींचा गिअरबॉक्स आहे, स्टिअरिंग आहे, धक्के झेलणारे सस्पेन्शन आहे. त्याआधी २०२२ मध्ये आलेल्या १,४३२ तुकड्यांच्या मॅक्लारेनच्या संचात डिफरन्शियल आणि ते बांधून ठेवणारे लॉकसुद्धा होते.

डिफरन्शियल हा शब्द ऐकून बिचकण्याचे कारण नाही. भंडाऱ्यातल्या धानाच्या बांधीत तो दर पावसाळ्यात वापरला जातो. बैलगाडीचा आस जागच्या जागी असतो आणि दोन्ही चाके त्यावर आपापली फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. दोन्ही मोकळी असल्याने कुणाचे काही अडत नाही. ट्रॅक्टरमध्ये मात्र इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचवायचा असतो. दोन्ही मागची चाके एकाच दांड्याला घट्ट बसवली तर प्रत्येक वळणावर एक चाक घासत जाईल. म्हणून मध्ये दातेरी चाकांचा एक जोड घालतात, जो जोर दोन्हीकडे देतो पण वेग वेगवेगळा होऊ देतो. तोच डिफरन्शियल. त्याची एक खोड आहे. चिखलणी करताना एक चाक रुतून नुसते गरगर फिरू लागले की सगळी गती तिकडेच जाते आणि दुसरे चाक थांबून राहते. तेव्हा चालक पायाशी असलेले लॉक दाबतो, दोन्ही चाके पुन्हा एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. शर्यतीच्या गाडीच्या मॉडेलमध्ये जे लॉक आहे, तत्त्व तेच. पवनीच्या शेतकऱ्याला ते पायाने माहीत आहे. त्याच्या मुलाला मात्र ते विज्ञानाच्या पुस्तकातले काहीतरी वाटते, आणि या लेखाचा खरा विषय ही मधली फट आहे.

गिअरचेही तसेच. सायकलला पुढे ४४ दात्यांचे चाक आणि मागे १८ दात्यांचे असेल, तर पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक जवळजवळ अडीच फेऱ्या घेते. वेग मिळतो, पण चढावर पाय भरून येतात, कारण वेगाची किंमत जोराने चुकवावी लागते. मालाने भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये हळू पण जोराने उठतो, त्यामागे हाच हिशेब उलटा आहे. आजच्या फॉर्म्युला वन गाडीला पुढे जाण्याचे आठ गिअर असतात. संख्या वेगळी, गणित सायकलचेच.

या जिल्ह्यात हे गणित कारखान्यात चालते. राष्ट्रीय महामार्गावर गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रक आणि बसचे गिअरबॉक्स तयार होतात. वरठीला, भंडारा रोड स्टेशनजवळ, सनफ्लॅगमध्ये वाहनांच्या भागांसाठी लागणारे खास पोलाद निघते. त्याच्याही आधीची पायरी तुमसर तालुक्यात आहे: चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी. पोलाद कठीण आणि चिवट व्हायला मँगनीज लागते. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड तर कोरड्या सेलच्या उद्योगातही जाते, म्हणजे खेळण्यात घालायच्या सेलशीही तुमसरचे नाते आहे. खनिज, पोलाद आणि गिअर अशी साखळी एका जिल्ह्यात सापडणे सोपे नाही. तरीही इथली बहुतेक मुले दातेरी चाक पहिल्यांदा हातात घेतात ती आयटीआयच्या कार्यशाळेत, सोळा-सतरा वर्षांची झाल्यावर. तोवर बराच उशीर झालेला असतो, असे मेंदूचा आणि शिकण्याचा अभ्यास सांगतो.

वस्तू डोळ्यांसमोर नसताना ती मनात फिरवून पाहणे, ही एक वेगळी क्षमता आहे. शास्त्रज्ञ तिला अवकाशीय क्षमता म्हणतात. शिंपी कापडावर खडूने आखतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शिवलेला सदरा असतो. सुताराला फळीत चौकट दिसते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला कातडीखालची शीर कुठे वळते ते कळते. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि दोन्ही आकृत्या एकच आहेत की वेगळ्या, एवढेच विचारले. आकृती जितक्या जास्त कोनात वळवलेली, तितका उत्तराला जास्त वेळ लागला, आणि वाढही अगदी सरळ रेषेत होती. जणू माणसे मनातल्या मनात तो ठोकळा खरोखर फिरवून पाहत होती.

या क्षमतेचा पुढच्या आयुष्याशी संबंध लागतो. अमेरिकेतल्या सुमारे ४ लाख शाळकरी मुलांची १९६० मध्ये चाचणी घेऊन ११ वर्षांनी पुन्हा माहिती घेतली गेली. २००९ मध्ये त्या माहितीचे नवे विश्लेषण प्रसिद्ध झाले. गणित आणि भाषेच्या गुणांपलीकडे, अवकाशीय क्षमता चांगली असलेली मुले विज्ञान आणि अभियांत्रिकीकडे जास्त गेलेली आढळली. ही क्षमता जन्माला येतानाच ठरते, असे पूर्वी अनेकांना वाटे. २०१३ मध्ये २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात ती सरावाने वाढते आणि वाढलेली टिकते असे दिसले.

यात थोडे सावध राहायला हवे. ठोकळ्यांनी खेळणारे मूल हुशार निघते, असे म्हणण्यात खेळण्यांच्या कंपन्यांचा फायदा असतो. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांवर झालेला एक अमेरिकी अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही घरांना ठोकळे आणि ते कसे खेळावेत याच्या कल्पना पाठवल्या, काहींना नाही. सहा महिन्यांनी ठोकळे मिळालेल्या, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची भाषा पुढे गेलेली दिसली. लक्ष एकाग्र होण्यात मात्र फरक पडला नाही. या अभ्यासाला पैसा ठोकळे बनवणाऱ्या कंपनीचा होता, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. शिवाय भाषा का सुधारली? ठोकळ्यांमुळे, की ठोकळ्यांच्या निमित्ताने आई-बाप मुलाशेजारी बसून बोलू लागले म्हणून? दुसरे कारण जास्त खरे वाटते, आणि ते बाजारात विकत मिळत नाही.

डब्यातल्या दुसऱ्या वस्तूबद्दल फारसे कुणी बोलत नाही. ती म्हणजे जोडणीची पुस्तिका. मोठ्या संचासोबत पानेच्या पाने चित्रे असतात: हा तुकडा इथे, तो तिथे. एकेक पायरी चढत गेले की शेवटी गाडी तयार. या कामाला संयम लागतो, बोटांची पकड सुधारते, चित्रातली वस्तू हातात ओळखायचा सराव होतो. पण विचार कंपनीच्या अभियंत्याने आधीच करून ठेवलेला असतो. पेज मोरो आणि मारिट एंगेसेट या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये याच मुद्द्यावर प्रयोग प्रसिद्ध केले. कॉलेजच्या मुलांपैकी काहींना पुस्तिकेबरहुकूम लेगो जोडायला दिले, काहींना मनाला येईल ते करायला सांगितले. नंतर कल्पकता लागणारे दुसरे काम दिल्यावर पुस्तिकावाले मागे पडले. ठरलेल्या उत्तराची सवय पुढच्या कामातही उतरली होती.

कोपनहेगनचे गणिती सोरेन आयलर्स यांनी एक हिशेब करून ठेवला आहे. आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे सहा साधे ठोकळे एकमेकांत किती प्रकारे बसवता येतात? उत्तर आहे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सहा ठोकळ्यांत एवढ्या शक्यता, आणि १,३६१ तुकड्यांच्या महागड्या डब्यातून बहुतेक घरांत एकच गाडी निघते. ती काचेच्या कपाटात जाते आणि पाहुण्यांना दाखवली जाते. डब्यावरचा १८+ हा आकडाही हेच सांगतो. हे संच मोठ्या माणसांच्या छंदासाठी, शोभेसाठी बनवलेले आहेत. कामावरून थकून आलेल्या माणसाने चार संध्याकाळी असा संच जोडण्यात काहीच गैर नाही, उलट ती चांगली विश्रांती आहे. नऊ वर्षांच्या मुलासाठी तो घेणे म्हणजे मोठ्याचा सदरा छोट्याला शिवणे. जोडणीचे व्हिडिओ तासन् तास पाहणे तर त्याहून वाईट, त्यात बोटेही हलत नाहीत.

लेगोची सुरुवात प्लास्टिकने झाली नव्हती. डेन्मार्कमधल्या बिलुंड या खेड्यातले सुतार ओले कर्क क्रिस्टियानसेन यांना १९३२ च्या मंदीत कामे मिळेनाशी झाली, म्हणून ते लाकडी खेळणी करू लागले. १९३५ पासून त्यांचे एक गाजलेले खेळणे होते चाकांवरचे लाकडी बदक. दोरीने ओढले की ते चोच उघडझाप करत चाले. कंपनी एक गोष्ट अभिमानाने सांगते: मुलाने पैसे वाचवण्यासाठी बदकांना वार्निशचे तीनऐवजी दोनच हात दिले, तेव्हा बापाने त्याला स्टेशनवरून खोकी परत आणायला लावली आणि तिसरा हात द्यायला बसवले. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांचे कोठार जळाले आणि कंपनीने लाकूड सोडून दिले.

चाकांवरचे, दोरीने ओढायचे लाकडी जनावर. विदर्भातल्या वाचकाला आता कुठे काय जुळते ते सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि पोरे आपापला लाकडी नंदी ओढत तोरणाखाली येतात, मग घरोघरी बोजारा मागत फिरतात. नागपूरकर दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ मध्ये हा मुलांचा पोळा सुरू केल्याचे सांगितले जाते. म्हणजे बिलुंडच्या बदकाच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी आपल्याकडे चाकांवरच्या खेळण्याचा एक अख्खा सण होता. नंदीच्या पाटाखालची चार चाके, त्यांतले खिळे, कुठले चाक अडते, कुठले तेल मागते, उतारावर नंदी पुढे का पळतो, उंच नंदी वळणावर का कलंडतो: बल, घर्षण, गुरुत्वमध्य सगळे त्या दोरीच्या टोकाला.

पण तान्ह्या पोळ्याचेही डब्यातल्या गाडीसारखेच होऊ लागले आहे. नंदी दरवर्षी मोठा होतो, झूल महाग होते. काही नंदी तर इतके उंच की ते बाप ओढतो आणि मूल शेजारून राजाचा वेश करून चालते. बक्षीस सजावटीला आणि वेशभूषेला. मंडळांनी एक बक्षीस वेगळे ठेवून पाहावे: ज्या मुलाने किंवा मुलीने चाके स्वतः बसवली असतील त्या नंदीला. दिसायला तो कसाही असो. परीक्षकाने एकच करावे, नंदी उताराच्या फळीवर सोडावा आणि किती दूर, किती सरळ जातो ते मोजावे. हजार-पाचशेच्या बक्षिसात गावात पंधरवडाभर सुताराच्या दुकानात पोरांची गर्दी होईल.

मातीच्या बैलजोड्या, ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या, जुन्या टायरला काठीने पळवणे, तारेची गाडी हे सगळे खेळ इथल्या आजोबांनी केलेले आहेत. त्याबद्दल हळवे होण्याची गरज नाही. त्या काळी पोरांकडे पर्याय नव्हता आणि तारेने हातही कापत. तरी तारेची गाडी करणारे पोर एक काम करत होते जे डब्यातल्या गाडीत होत नाही. पुढची चाके वळवण्यासाठी लांब दांडा कसा जोडायचा, हे त्याला स्वतः शोधावे लागे. पहिल्यांदा चुके, तार सोडून पुन्हा वाकवावी लागे.

हेच तत्त्व नीट मांडणीत आणण्याचे काम या देशात एका अभियंत्याने केले आहे. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे, नोकरी पुण्यात टेल्कोमध्ये, म्हणजे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातच. १९७८ मध्ये ते वर्षभराची रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात सायकलच्या दुकानात मिळणारी रबराची बारीक व्हॉल्व ट्यूब आणि आगपेटीतल्या काड्या यांतून त्यांनी जोडणीचा एक संच तयार केला. ट्यूबचे लहान तुकडे कापायचे, दोन्ही बाजूंनी काड्या खोचायच्या, तीन काड्या जोडायच्या असतील तर ट्यूबला भोक पाडून तिसरी घालायची. बस्स. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९८७ मध्ये आले आणि अनेक भारतीय भाषांत गेले. पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे शाळकरी मुलांसाठी काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या काड्यांच्या संचात शर्यतीच्या गाडीचे एक गुपित आहे. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा. तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा. तो लगेच तिरका होतो. चौकोनात कर्णावर एक काडी घातली की दोन त्रिकोण होतात आणि चौकोन ताठ उभा राहतो. घराच्या कैच्या, रेल्वेचा पूल, सायकलची चौकट, विजेचा मनोरा सगळीकडे त्रिकोण दिसतात ते यामुळेच. फॉर्म्युला वन गाडीची चाके ज्या दांड्यांनी गाडीला जोडलेली असतात तेही त्रिकोणात असतात. हे वाचून कळणे आणि हातातला चौकोन कोसळताना पाहून कळणे, यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारे कळलेले मूल विसरत नाही. खर्च एका आगपेटीचा आणि वीतभर ट्यूबचा. काड्यांचे गूल आधी मोठ्याने मोडून किंवा पाण्यात भिजवून काढून टाकावे, एवढी एकच अट.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशाळा चालवल्या, तेव्हा महागडी माँटेसरी साधने परवडणार नव्हती. त्यांनी गारगोट्या, शिंपले, पाने, बिया यांतून साधने केली. अंगणवाडीची कल्पना तिथलीच. एनसीईआरटीने २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्यांची पेटी आणली, तीही चांगली आहे. मात्र मोडेल, हरवेल, हिशेब द्यावा लागेल या भीतीने अशी पेटी कपाटात कुलुपात राहिली तर तिचा उपयोग शून्य. अंगणवाडी सेविकेला खेळणी मोडण्याची मुभा कागदावर मिळाली पाहिजे. वर्षाला इतके ठोकळे हरवणारच, असे धरूनच हिशेब व्हावा. वरच्या वर्गांसाठी निती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबची योजना आहे, सहावी ते बारावीच्या मुलांना अवजारे आणि यंत्रांचे भाग हाताळता यावेत म्हणून. तिथेही कसोटी तीच: सामान किती आले यापेक्षा किती झिजले ते पाहावे. वीस हजारांचा एखादा संच घ्यायचाच असेल तर तो इथे शोभतो. एका घरात तो एकदा जोडला जाईल, शाळेत चाळीस मुले वर्षभर तो सोडतील आणि जोडतील.

मुलींचे काय? मनात वस्तू फिरवण्याच्या चाचणीत मुलगे सरासरीने पुढे असल्याचे अनेक अभ्यासांत दिसते, आणि त्यावरून मुलींना यंत्रातले कळत नाही असा निष्कर्ष चटकन काढला जातो. मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून वेगळा मार्ग धरला. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या ज्या विद्यार्थ्यांची ही क्षमता कमी होती त्यांना ठोकळे, आकृत्या, छेदचित्रे यांचा छोटा अभ्यासक्रम दिला. गुण वाढले, आणि हा अभ्यासक्रम केलेल्या मुली अभियांत्रिकी सोडून जाण्याचे प्रमाणही घटले. उणीव सरावाची होती.

तो सराव घरात कुणाला मिळतो ते आठवून पाहावे. गाडी मुलाला, बाहुली-भातुकली मुलीला. सायकलची साखळी पडली की हाक भावाला. मानव विकास कार्यक्रमातून खेड्यातून शाळेत येणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. लाखांदूरच्या रस्त्यावर सकाळी त्या रांगेने जाताना दिसतात. त्या मुलींकडे १:८ प्रमाणातली नव्हे, पूर्ण आकाराची यंत्रे आहेत, दात्यांसह, साखळीसह, ब्रेकसह. सायकल देताना सोबत दोन पाने आणि पंक्चरचे सामान द्यावे, आणि शाळेने एका शनिवारी मुलींकडूनच चाक काढून परत बसवून घ्यावे. असे दहा शनिवार झाले तर मोठ्यात मोठ्या संचात जे आहे ते सगळे शिकून होईल आणि वर घरी चालत यावे लागणार नाही.

आता आरोग्याच्या दोन-तीन गोष्टी, कारण खेळणे म्हटले की त्या येतातच. लहान तुकड्यांचे संच घरात आणताना मोठ्या मुलाचे वय बघून भागत नाही, धाकटे रांगत असेल तर त्याचे वय बघावे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती जो तुकडा पडेल तो तोंडात जातो. खेळण्यांच्या चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. त्यात पूर्ण मावणारा तुकडा लहान मुलासाठी धोक्याचा मानतात. घरी दोन बोटांचे जवळपास तेवढे कडे करून पाहिले तरी अंदाज येतो. सर्वांत घातक बटनासारखा चपटा सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत भाजल्यासारखी जखम करू शकतो. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता सरळ रुग्णालय गाठावे. एकाहून अधिक छोटे चुंबक पोटात गेले तर आतड्याला मध्ये पकडून छिद्र पाडतात, तेव्हाही थांबू नये.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि ती आपल्या नंदीलाही लागू आहे. शिसे मेंदूला मारक आहे; मुलांसाठी सुरक्षित म्हणावे असे त्याचे कोणतेच प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून आहे. खेळण्यांना २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. कारागीर टिकावा म्हणून ती सूट योग्यच. मग नंदी घेताना विचारायचे काम ग्राहकाचे: रंग कुठला लावला? डब्यावर ‘शिसेविरहित’ लिहिलेला रंग, किंवा नुसते तेल पाजलेले उघडे लाकूड चांगले. आजोबांच्या वेळचा पोपडे सुटलेला नंदी फार देखणा असतो. तो फडताळात वर ठेवावा, तान्ह्या मुलाला चोखायला देऊ नये.

आणि ती वीस हजारांची गाडी एखाद्या घरात आधीच येऊन बसली असेल तर? तीही वाया गेलेली नाही. ती पुस्तिका पाहून एकदा जोडावी, सगळ्यांनी मिळून. पंधरा दिवस मिरवावी. मग मुलाच्या हाती द्यावी आणि मोडू द्यावी, पुस्तिका कपाटात टाकावी, आणि म्हणावे, यातल्या गिअरचा धान भरडायच्या गिरणीचा पाट करून दाखव. पहिली गिरणी चालणार नाही. बापाने तेव्हा शेजारी बसावे, पण हात लावू नये.